स्टेशनची सोडत: तिकीट छापण्याआधी आणि माइक उघडण्याआधी

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगला (सार्वजनिक रेडिओ-टीव्ही स्टेशनांना सरकारी निधी वाटणारी संस्था) दोन वर्षांसाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. तेव्हापासून एफएमच्या ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ या बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव पट्ट्यातल्या स्टेशनांना श्रोत्यांच्या देणग्यांवर आणखी भर द्यावा लागतो आहे. देणगी मोहिमेत मग कोणीतरी सुचवतेच की एखादी गाडी किंवा सायकल मिळवू आणि तिची सोडत ठेवू. सुचवणे चांगलेच आहे, पण रेडिओवरून सोडत पुकारताना तीन कायदे एकदम लागू होतात: राज्याचा जुगारविषयक कायदा, एफसीसीचे (प्रसारणावर देखरेख ठेवणारा अमेरिकी आयोग) प्रसारणाचे नियम आणि आयआरएसचे (अमेरिकेचे कर खाते) करनियम. हा लेख स्टेशनचे व्यवस्थापक, मोहिमेचे स्वयंसेवक आणि सामुदायिक स्टेशनांवर मराठी कार्यक्रम चालवणारे निवेदक यांच्यासाठी आहे.

पहिला निर्णय: रॅफल की मोफत सोडत

कायद्याच्या नजरेत लॉटरी तीन गोष्टींनी बनते: बक्षीस, नशीब आणि मोबदला. तिन्ही एकत्र आल्या की ती लॉटरी, मग तुम्ही तिला ‘लकी ड्रॉ’ म्हणा नाही तर ‘आभार योजना’. स्टेशनपुढे त्यामुळे दोनच सरळ रस्ते उरतात. एक, मोबदला काढून टाकायचा, म्हणजे नाव नोंदवायला पैसे लागणार नाहीत. दोन, मोबदला ठेवायचा, उघडपणे तिकीट विकायचे आणि त्यासाठी राज्याची रीतसर परवानगी घ्यायची; हीच रॅफल.

नुसते रेडिओ ऐकणे हा मोबदला होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एफसीसी विरुद्ध अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खटल्यात ते स्पष्ट केले. त्यामुळे ‘सकाळी आठच्या आत फोन करा, नाव सोडतीत घालू’ एवढेच म्हणणारी योजना लॉटरी ठरत नाही. त्याच वाक्यात ‘वीस डॉलर देऊन’ हे शब्द आले की चित्र पालटते.

नेमका इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. कागदावर मोफत सोडत असते, संकेतस्थळावर मोफत नोंदणीचा अर्ज असतो. पण मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी थकलेला निवेदक उत्साहाच्या भरात बोलून जातो, ‘पन्नास डॉलर द्या आणि सोडतीत सामील व्हा!’ त्या क्षणी श्रोत्याला सांगितलेली योजना लॉटरी असते, आणि ध्वनिमुद्रणात तेवढेच वाक्य उरते. दुसरी चूक हिशेबाची. शंभर डॉलर देणाऱ्याचे नाव पाच वेळा आणि फुकट नोंदवणाऱ्याचे एकदा, असे केले की मोफत वाट नावापुरती राहते. दोन्ही वाटांनी आलेल्यांना सारख्याच चिठ्ठ्या, सारखीच मुदत, सारखीच बक्षिसे मिळाली पाहिजेत.

मनुष्यबळ कमी असलेल्या छोट्या स्टेशनाने मोफत सोडतच घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. रॅफलमधून पैसा थेट मिळतो, पण त्यामागची कागदपत्रे सांभाळायला एक माणूस महिनाभर अडकतो. हाताशी गाडीसारखे मोठे बक्षीस आणि हिशेब ठेवणारे कोणी असेल, तरच रॅफलला हात घाला.

राज्याची परवानगी हाच माइकचा परवाना

संघराज्याच्या फौजदारी संहितेचे कलम १३०४ रेडिओवरून लॉटरीची माहिती देण्यास मनाई करते. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, आणि प्रत्येक दिवसाचे प्रसारण हा स्वतंत्र गुन्हा. १९८८ च्या चॅरिटी गेम्स अ‍ॅडव्हर्टायझिंग क्लॅरिफिकेशन अ‍ॅक्टने यात सूट आणली आणि ती मे १९९० पासून लागू झाली. ना-नफा संस्थेची सोडत ज्या राज्यात होते तिथे ती अधिकृत असेल किंवा तिला मनाई नसेल, तर तिची माहिती प्रसारित करता येते.

या सूटीचा अर्थ नीट समजून घ्या. ती राज्याच्या कायद्याला टांगलेली आहे. राज्यात नोंदणी करायची राहिली, तर सोडत राज्यात बेकायदा ठरते. आणि मग तुमची हवेवरची प्रत्येक घोषणा कलम १३०४ च्या कक्षेत येऊ शकते. नगरपालिकेच्या खिडकीवर न भरलेला एक अर्ज स्टेशनच्या परवान्यापर्यंत पोहोचतो तो असा. एफसीसीच्या दंडपत्रकात लॉटरी आणि स्पर्धाविषयक नियमभंगाची मूळ रक्कम ४,००० डॉलर आहे; परिस्थिती पाहून ती कमी-जास्त होते.

राज्यागणिक फरक मोठे आहेत. यूटा आणि हवाई इथे रॅफलचा विचारच सोडा. इतर काही राज्यांतल्या अटी पाहिल्या की आपल्या राज्यात काय शोधायचे, ते कळेल.

कॅलिफोर्नियात दंडसंहितेच्या कलम ३२०.५ प्रमाणे ॲटर्नी जनरलकडे आधी नोंदणी लागते आणि तिकीट विक्रीच्या एकूण रकमेतले किमान ९० टक्के धर्मादाय कामालाच जावे लागतात. २० डॉलरची ५०० तिकिटे विकली तर जमा १०,००० डॉलर. त्यातून बक्षीस, छपाई, सगळे धरून १,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. बक्षीस दानात मिळवा किंवा दुसऱ्या निधीतून घ्या. अर्धी रक्कम विजेत्याला आणि अर्धी संस्थेला, हा लोकप्रिय प्रकार याच अटीमुळे तिथल्या स्टेशनाला बंद आहे. इंटरनेटवर रॅफलची जाहिरात चालते, पण तिकीट विकता येत नाही. संकेतस्थळावरचे देणगीचे बटण रॅफलच्या पानावर तसेच चिकटवणे ही तिथली नेहमीची चूक.

टेक्सासमध्ये रोख बक्षीस चालत नाही. तिकीट विक्री सुरू होण्याआधी बक्षीस संस्थेच्या ताब्यात हवे, नाही तर त्याच्या पूर्ण किमतीचा बाँड भरावा लागतो. पैसे देऊन रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रात रॅफलची जाहिरात करण्यास तिथे बंदी आहे, म्हणून शेजारच्या व्यावसायिक स्टेशनावर जाहिरातीची वेळ विकत घेण्याचा विचारही करू नका. राज्यभर प्रसिद्धी करण्यावरही मर्यादा आहेत. ज्या स्टेशनची पुनर्प्रसारण केंद्रे दूरवर पसरली आहेत, त्यांनी वकिलाला आधी विचारावे.

फ्लोरिडाची पद्धत निराळी. तिथे ना-नफा संस्थेला सोडत ठेवता येते, पण सहभागासाठी पैसे सक्तीने घेता येत नाहीत. ‘सुचवलेली देणगी १० डॉलर’ असे छापता येते. सोबत देणगी आवश्यक नाही हे वाक्य, संस्थेचे नाव व पत्ता, सोडतीची तारीख, वेळ आणि जागा द्यावी लागते. ‘अमुक तिकिटे विकली गेली तरच सोडत होईल’ अशी अट तिथे घालता येत नाही.

न्यू जर्सीत आधी राज्याच्या लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे संस्थेची नोंदणी आणि मग त्या त्या नगरपालिकेच्या क्लार्ककडे रॅफलचा परवाना, अशा दोन पायऱ्या आहेत. एडिसन, जर्सी सिटी भागातल्या मराठी मंडळांना गणेशोत्सवातल्या रॅफलसाठीही हीच वाट चालावी लागते.

वेळेचे गणित: सोडतीच्या किमान ९० दिवस आधी राज्याचा अर्ज हातात घ्या. परवाना क्रमांक मिळेपर्यंत तिकीट छापायला देऊ नका आणि हवेवर ‘लवकरच येत आहे’ असेही म्हणू नका.

डाकेने तिकिटे पाठवण्याबाबत सावध राहा. १९८८ च्या कायद्याने सूट दिली ती जाहिरात, बक्षिसांची यादी आणि माहितीला. तिकीट किंवा तिकिटाचे पैसे डाकेने पाठवणे त्यात मोडत नाही. सभासदांना घरपोच तिकिटांचे पुस्तक पाठवण्याची जुनी सवय असेल तर ती मोडा. हातोहात विक्री करा.

नियमांचा कागद

एफसीसीच्या नियम ७३.१२१६ प्रमाणे स्टेशन स्वतः घेत असलेल्या स्पर्धेच्या महत्त्वाच्या अटी पूर्ण आणि अचूक सांगाव्या लागतात, आणि स्पर्धा जाहीर केली तशीच घ्यावी लागते. मोफत सोडत असो वा रॅफल, हा नियम धरूनच चाला. कागदावर या गोष्टी आल्या पाहिजेत: भाग कसा घ्यायचा, कोण पात्र आणि कोण अपात्र, शेवटची तारीख व वेळ, बक्षिसे कोणती आणि किती, त्यांची किंमत आणि ती कशावरून धरली, बक्षीस मिळणार हे नक्की की कशावर अवलंबून, विजेता केव्हा आणि कसा निवडणार.

कर्मचारी, संचालक मंडळ आणि त्यांच्या घरची माणसे अपात्र, हे सरळ लिहून टाका. संचालकाच्या मेहुण्याला गाडी लागली, तर सोडत कितीही स्वच्छ असली तरी श्रोत्यांचा विश्वास परत येत नाही.

२०१५ मध्ये एफसीसीने हा नियम सैल केला, त्यामुळे सगळ्या अटी हवेवर वाचण्याऐवजी संकेतस्थळावर ठेवता येतात. त्याच्या अटी मात्र काटेकोर आहेत. मुखपृष्ठावरच ठळक दुवा हवा. हवेवर अधूनमधून संकेतस्थळाचा पत्ता असा सांगावा की श्रोत्याला अटी सहज सापडतील. विजेता निवडल्यानंतर किमान ३० दिवस ते पान काढायचे नाही. एखादी महत्त्वाची अट बदलली तर २४ तासांच्या आत हवेवर सांगायचे, आणि नंतरही अधूनमधून सांगत राहायचे.

‘अट बदलता येते’ याचा अर्थ मुदत वाढवत न्यायची असा घेऊ नका. विक्री मंद आहे म्हणून सोडत दोन आठवडे पुढे ढकलणे हा सर्वांत सोपा मोह, आणि आधी तिकीट घेतलेल्यांवर अन्यायही. जिंकण्याची शक्यता त्यांनी जुन्या तारखेच्या हिशेबाने धरलेली असते. विक्री पडण्याची भीती असेल आणि राज्याचा कायदा परवानगी देत असेल, तर कागदावर सुरुवातीलाच लिहा: इतक्या तिकिटांखाली विक्री राहिली तर गाडीऐवजी अमुक बक्षीस.

हवेवर काय बोलायचे

मोहिमेत निवेदकाच्या हाती छापील मजकूर द्या आणि त्याबाहेर जायचे नाही हे ठरवून घ्या. मोफत सोडतीसाठी असा मजकूर चालतो:

‘आमच्या सोडतीत नाव नोंदवायला देणगी द्यावी लागत नाही, आणि देणगी दिल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही. शुक्रवारी रात्री आठपर्यंत फोन करा किंवा संकेतस्थळावर नोंदवा. वय १८ पूर्ण हवे. नियम मुखपृष्ठावर ‘सोडत’ या दुव्याखाली आहेत.’ मग संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता.

पहिले वाक्य प्रत्येक वेळी पहिलेच राहिले पाहिजे. ते शेवटी गेले की घाईत गळते.

रॅफलच्या मजकुरात तिकिटाची किंमत, विक्री बंद होण्याची वेळ, सोडतीची तारीख आणि जागा, ‘याच राज्यात राहणाऱ्यांसाठी’ ही मर्यादा आणि नियमांचा पत्ता एवढे घ्या. तिकिटाला ‘देणगी’ म्हणू नका. आयआरएसच्या मते रॅफलचे तिकीट ही वजावटयोग्य देणगी नाही. निवेदकाने ‘करसवलतही मिळेल’ म्हटले तर तो श्रोत्याला चुकीची माहिती देतो. मोफत सोडतीत मात्र देणगी वेगळी आणि सोडत वेगळी, त्यामुळे देणगीची पावती नेहमीसारखी देता येते.

आता बक्षीस देणाऱ्या दुकानाचा उल्लेख. इथे दोन नियम एकमेकांना भिडतात. कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टच्या कलम ३९९बी प्रमाणे बिगर-व्यावसायिक स्टेशनाला नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून दात्याच्या ऋणनिर्देशात किंमत, तुलना, स्तुती किंवा ‘भेट द्या’ असे आवाहन नको. स्पर्धेचा नियम मात्र बक्षिसाची किंमत सांगायला लावतो. वाट सोपी आहे: किंमत संकेतस्थळावरच्या नियमांत लिहा आणि हवेवर दात्याचे नाव, जागा आणि वस्तूचे साधे वर्णन एवढेच बोला. ‘ही सायकल मेन स्ट्रीटवरच्या अमुक दुकानाने दिली आहे’ हे बरोबर. ‘गावातल्या सर्वोत्तम दुकानाची १,२०० डॉलरची सायकल, आजच जाऊन बघा’ या एका वाक्यात तीन चुका आहेत.

सायकल, गाडी, सहलीची तिकिटे देणारे दुकानदार बहुतेक वेळा आपला मजकूर स्वतः लिहून पाठवतात. तो जसाच्या तसा वाचू नका, आणि देणगी स्वीकारतानाच त्यांना हे सांगून ठेवा. नंतर सांगितले की मने दुखावतात.

तिकीट आणि सोडतीचा दिवस

तिकिटावर आणि त्याच्या स्थळप्रतीवर एकच क्रमांक हवा. तिकिटावर संस्थेचे नाव व पत्ता, किंमत, बक्षिसांचे वर्णन, सोडतीची तारीख, वेळ, जागा आणि राज्याचा परवाना क्रमांक छापा; राज्याने आणखी काही मागितले असेल तर तेही. स्थळप्रतीवर घेणाऱ्याचे नाव आणि फोन. प्रत्येक विक्रेत्याला दिलेल्या पुस्तकांचे क्रमांक वहीत लिहून सही घ्या, आणि विक्री बंद होताच सगळी पुस्तके परत मागवा.

सोडतीच्या आधी तीन आकडे जुळले पाहिजेत: छापलेली तिकिटे वजा न विकता परत आलेली, पेटीतल्या स्थळप्रती, आणि जमा रक्कम भागिले तिकिटाची किंमत. १० तिकिटांच्या ६० पुस्तकांपैकी ४३ तिकिटे परत आली असतील तर पेटीत ५५७ स्थळप्रती हव्यात, आणि २० डॉलरच्या दराने ११,१४० डॉलर जमा हवेत. फरक सापडला तर त्याचे कारण सोडत सुरू करण्याआधी शोधा. कोणाच्या तरी बॅगेत राहिलेले एक पुस्तक म्हणजे पैसे देऊनही पेटीत नसलेले दहा लोक.

चिठ्ठी काढताना विक्रीत भाग न घेतलेले दोन साक्षीदार ठेवा आणि त्यांच्या सह्या घ्या. सोडत थेट प्रसारित करायची असेल तर विजेत्याला फोन लावताना थांबा. नियम ७३.१२०६ प्रमाणे संभाषण हवेवर जाणार किंवा ध्वनिमुद्रित होणार असेल, तर ते समोरच्याला आधी सांगावे लागते. ‘नमस्कार, तुम्ही हवेवर आहात’ ही सूचना उशिरा झालेली असते. याच्याही मूळ दंडाची रक्कम ४,००० डॉलर आहे. आधी फोन लावा, सांगा, होकार घ्या, मग फेडर (आवाज हवेवर सोडणारी सरकपट्टी) वर न्या.

विजेत्याचा कर, आधी हिशेब मग चावी

रॅफलमधली जिंकलेली रक्कम आयआरएसला डब्ल्यू-२जी या फॉर्मवर कळवतात. २०२५ पर्यंत कसोटी ६०० डॉलर आणि तिकिटाच्या किमतीच्या ३०० पट अशी होती; यंदाचा आकडा आयआरएसच्या यंदाच्या सूचनापत्रातून घ्या. बक्षीस वजा तिकीट ही रक्कम ५,००० डॉलरच्या वर गेली की २४ टक्के कर कापून भरण्याची जबाबदारी संस्थेवर येते. या दुसऱ्या कसोटीला ३०० पटीची अट नाही.

वस्तूरूप बक्षिसात हा कर कापायचा कशातून? १०० डॉलरच्या तिकिटावर २८,००० डॉलरची गाडी लागली असे धरू. फरक २७,९०० डॉलर, त्याचे २४ टक्के ६,६९६ डॉलर. विजेत्याने ही रक्कम संस्थेला दिल्याशिवाय चावी द्यायची नाही. संस्थेने कर स्वतः भरायचा ठरवला तर दर ३१.५८ टक्के होतो, म्हणजे सुमारे ८,८११ डॉलर; कारण विजेत्याच्या वतीने भरलेला करही बक्षिसातच धरला जातो. कापलेला कर फॉर्म ९४५ वर दाखवतात. विजेत्याने करदाता क्रमांक दिला नाही तर आयआरएसला कळवाव्या लागणाऱ्या बक्षिसावर २४ टक्के कापावे लागतात.

कर न कापता गाडी दिली तर त्या रकमेसाठी संस्थेलाच जबाबदार धरले जाऊ शकते. म्हणून ‘कर विजेत्याने भरायचा आहे’ हे वाक्य तिकिटाच्या मागे आणि नियमांत दोन्हीकडे छापा. विजेत्याला ६,६९६ डॉलरची बातमी आनंदाच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

मोफत सोडतीचे बक्षीस डब्ल्यू-२जीवर जात नाही. ते १०९९-मिसलेनियस या फॉर्मवर जाते. तिथली ६०० डॉलरची मर्यादा २०२६ पासूनच्या बक्षिसांसाठी २,००० डॉलर झाली आहे. शिवाय वर्षभरात रॅफलसारख्या खेळांची एकूण जमा १५,००० डॉलरच्या वर गेली, तर फॉर्म ९९० (ना-नफा संस्थेचे वार्षिक विवरण) सोबत शेड्यूल जी हे परिशिष्ट भरायचे असते.

दुसऱ्या संस्थेची सोडत

मराठी कार्यक्रमाच्या निवेदकाला हा प्रश्न नक्की येतो: मंडळाच्या रॅफलची घोषणा करता येईल का? मंडळ ना-नफा असेल, त्याच्याकडे राज्याचा परवाना असेल, तर नेहमीच्या कार्यक्रमात छोटी घोषणा करता येते. परवान्याची प्रत आधी मागून फाइलला लावा.

नेहमीचा कार्यक्रम थांबवून दोन तास मंडळाची तिकिटे विकायची असतील, तर वेगळा नियम लागतो. २०१७ पासून स्टेशनला ५०१(सी)(३) संस्थेसाठी (करमुक्त धर्मादाय संस्था) वर्षाच्या एकूण प्रसारणवेळेच्या १ टक्क्यापर्यंत निधी गोळा करता येतो. चोवीस तास चालणाऱ्या स्टेशनला वर्षाला सुमारे ८८ तास. ही मुभा कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे पैसे घेणाऱ्या स्टेशनांना दिलेली नव्हती. हा निधी स्टेशनसाठी नाही आणि कोणासाठी आहे, हे सुरुवातीला, शेवटी आणि तासातून किमान एकदा सांगायचे. तारीख, वेळ, संस्था आणि कारण यांची नोंद दर तिमाहीला स्टेशनच्या सार्वजनिक फाइलमध्ये (कोणालाही पाहता येणारे दप्तर) ठेवायची.

किराणा दुकानाची ‘५० डॉलरची खरेदी करा, दिवाळीचा ड्रॉ जिंका’ ही योजना मात्र नम्रपणे नाकारा. पैसे घेऊन ती प्रसारित करणे म्हणजे सरळ जाहिरात, आणि बहुतेक राज्यांत खरेदीची अट असलेली सोडत मुळातच बेकायदा.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी

इंटरनेटवरून कार्यक्रम पुण्या-नाशकातही ऐकले जातात आणि नातेवाईक विचारतात, ‘आमच्याही नावाने एक तिकीट काढता येईल का?’ नाही. फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याच्या चालू खाते नियमांनुसार लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक्स यांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास मनाई आहे. दुसऱ्या बाजूने, ‘याच राज्यात राहणाऱ्यांसाठी’ ही तुमची अटही मोडते. महाराष्ट्रातल्या सामुदायिक रेडिओवाल्यांनीही ही पद्धत उचलून नेऊ नये: राज्य सरकारची किंवा सरकारने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी चालवणे आणि तिची जाहिरात छापणे, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हे आहेत. भारतातल्या श्रोत्यांसाठी हवेवरच्या मजकुरात एक वाक्य कायम ठेवा: ‘राज्याबाहेरून आलेली नोंदणी ग्राह्य धरली जाणार नाही.’ आणि तशी नोंदणी आलीच, तर सोडतीआधी रद्द करून पैसे परत पाठवल्याची नोंद वहीत करा.